आणखी सतरा फूट

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांत फराळाचे डबे भरलेले असतील, आणि मुंबईचे तलावही भरलेले असावेत अशी आशा आहे. डब्यांची बेगमी गृहिणी करते, तलावांची पाऊस करतो. डबे दिवाळी संपायच्या आत कसे रिकामे होतात हे कोडे घरातल्या मोठ्यांना दरवर्षी पडते आणि लहानांना कधीच पडत नाही. तलावांचे तसे नाही. त्यांचा हिशेब अगदी उघड मांडलेला असतो, फक्त तो पुरता वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

जुलै लागला की वर्तमानपत्रांत एक चौकट येऊ लागते. अप्पर वैतरणा इतके टक्के, भातसा इतके टक्के, विहार, तुळशी अमुक इतके. शेअरबाजाराचे भाव वाचणारी मंडळी थोडी. ही चौकट मात्र झाडून सारे वाचतात. आमच्या शेजारचे अण्णा तर शाळेचा निकाल लागावा तशी ती जिन्यातूनच जाहीर करतात. "तुळशी पास झाली हो! मोडक सागर काठावर आहे, तानशाचे काही खरे नाही!" सप्टेंबरात सगळी मुले पास होतात, चौकट नाहीशी होते, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत अण्णांना तलाव आठवत नाहीत.

पालिकेचे पाणीखाते आपली वही १ ऑक्टोबरला उघडते. त्या दिवशी सातही तलावांत मिळून साठा किती, यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा संसार ठरतो. सगळे तलाव काठोकाठ भरले तर तो साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. शहर रोज सुमारे ३,९५० दशलक्ष लिटर घेते. आता चौथीतल्या मुलालासुद्धा येईल असा भागाकार करा. उत्तर येते ३६६ दिवस. म्हणजे लीप वर्षसुद्धा निभावले म्हणायचे! पण यात उन्हाने उडून जाणारे पाणी धरलेले नाही, आणि तलाव काठोकाठ भरलेच पाहिजेत ही अट आहे. वर्षाची बेगमी वर्षाला पुरते, पुढच्या वर्षासाठी बरणीच्या तळाशीसुद्धा काही उरत नाही. पाऊस दोन-तीन आठवडे रेंगाळला की पाणीकपातीची बातमी येते ती यामुळेच.

या १४ लाख ४७ हजारांत जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. तानशाचा वाटा १,४५,०८० म्हणजे जेमतेम दहावा. तरी आज लिहावयाचे आहे ते तानशाबद्दलच. कारण तलाव मोठा करणे म्हणजे काय, आणि शहराच्या उद्याची तरतूद म्हणजे काय, हे त्याच्या भिंतीकडे पाहून जितके कळते तितके दुसरीकडे कुठे कळत नाही.

त्याआधी थोडे मागे जाऊ. आम्हा भाषेच्या मास्तरांना शब्दांशी चाळा करण्याची खोड असते. खेड्यातली बाई 'पाण्याला जाते'. शहरात 'पाणी येते'. आपण "पाणी आले का?" असे विचारतो ते पाहुण्याविषयी विचारावे तसे, "आज पाणी लवकर गेले" म्हणतो तेही त्याच सुरात. क्रियापदाची दिशा तेवढी फिरली आहे, पण ती फिरवण्यासाठी मुंबईला फार मोठा खटाटोप करावा लागला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथलीही माणसे पाण्यालाच जात होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज बसच्या पाट्यांवरची नावे. तिथे उतरून तलाव शोधणाऱ्या पाहुण्याला पानवाला हसेल. गोवालिया टँकवर गवळी गुरांना पाणी पाजीत. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव, हे त्या भागात जन्म गेलेल्यांनाही सांगावे लागते. तलाव बुजले, नावे राहिली. नाही म्हणावयास क्रॉस मैदानाच्या कडेला भिका बेहराम यांची १७२५ सालची विहीर अजून गोडे पाणी देत उभी आहे.

या विहिरी आणि हे तलाव वाढत्या वस्तीला पुरेनासे झाले. १८५४ साली मुंबईत पाण्याचा असा काही दुष्काळ पडला की गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली आणि माणसांसाठी पाणी बाहेरून वाहून आणावे लागले. सरकारला जाग येण्यास एवढे कारण पुरले. १८५६ साली मिठी नदीच्या उगमाकडे विहारचे काम सुरू झाले, १८६० साली पुरे झाले, आणि मुंबईकराच्या दारात प्रथमच नळाने पाणी 'आले'. आता शहराची कायमची सोय झाली असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल. पण बाराच वर्षांनी, १८७२ साली, विहारची भिंत वाढवावी लागली. १८७९ साली तुळशी आला. पुढे पवई आला. पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे ठरले नाही. एवढे होऊन तहान होतीच.

मग पालिकेची नजर साष्टीच्या डोंगरांपलीकडे गेली. मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, आजच्या शहापूर तालुक्यात, तानसा नदीवर जवळजवळ दोन मैल लांबीची दगडी भिंत घातली गेली. साल १८९२. तिथले पाणी कोणताही पंप न लावता, केवळ उताराने, शहरात येऊ लागले. पंपाशिवाय येणारे पाणी म्हणजे काय चीज आहे हे ज्यांच्या सोसायटीची मोटर ऐन गणपतीत जळली आहे त्यांना सांगावयास नको.

आता खरी गोष्ट. ही भिंत १८९२ साली उभी राहिली तेव्हा तिची उंची ११८ फूट होती. पण तिचा पाया घातला होता तो १३५ फुटांच्या भिंतीच्या हिशेबाने. तळाशी शंभर फुटांहून अधिक जाडी. म्हणजे वर जे बांधले त्याला लागणार नव्हती एवढी रुंदी खाली जमिनीत गाडून ठेवली होती. उरलेले सतरा फूट पुढच्यांनी बांधावेत, त्यांना गरज पडेल तेव्हा बांधावेत, आणि त्या दिवशी "अरेरे, पाया तेवढा धड असता तर" असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढीच त्यातली योजना.

भिंतीवर आणखी थोडी भिंत चढवायची तर त्याला पाया कशाला रुंद हवा, असे तुमच्या मनात आले असेल. आमच्या सोसायटीच्या सभेतही हेच आले होते. गच्चीवरची टाकी पुरत नाही म्हणून ती वाढवावी असा ठराव आला. "चार विटांचे थर वर चढवा, झाले!" असे तळमजल्यावरचे एक सद्गृहस्थ म्हणाले. (गच्चीवरच्या कामाबद्दल तळमजल्यावरच्यांची मते नेहमीच ठाम असतात.) सुदैवाने दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अभियंता राहतात. त्यांनी शांतपणे सांगितले की टाकीची भिंत पाणी धरत नाही, पाणी भिंतीला रेटत असते. आणि जितके खोल पाणी तितका तळाशी रेटा अधिक. त्यांनी आकडेच मांडले. पाण्याची उंची दुप्पट केली तर भिंतीवरचा एकूण रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो; आणि भिंतीला तळापासून उलथून टाकू पाहणारा जोर आठपट होतो. सभा एकदम गप्प झाली. टाकीखाली ज्यांचे स्वयंपाकघर येते ते चौथ्या मजल्यावरचे कुटुंब तर उठून गेले.

हाच हिशेब तानशाला लावून पाहा. ११८ चे १३५ म्हणजे उंचीत सातव्या हिश्श्याची वाढ. पण पाणी तेवढे चढले की रेटा वाढतो जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने, आणि उलथवणारा जोर होतो दीडपट. दगडी धरण उभे राहते ते आपल्या वजनावर आणि तळाच्या रुंदीवर. ती रुंदी मागाहून देणे म्हणजे भरल्या तलावाला टेकून उभ्या असलेल्या भिंतीला पाठीमागून दुसरी भिंत चिकटवणे. हे करता येत नाही असे नाही, पण जुने आणि नवे काम एकजीव करणे किती कठीण आणि किती खर्चाचे असते ते बांधकाम करणाऱ्यालाच ठाऊक. आणि पाण्याशी आडदांडपणा केला तर काय होते हे महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ नंतर कुणी शिकवायला नको. त्या दिवशी पानशेतचे नवे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले, आणि महापुरात बुडालेल्या पुण्याला नंतर काही काळ पाण्यासाठी विहिरी शोधाव्या लागल्या.

बरे, एवढा धोका पत्करून सतरा फुटांत मिळते काय? इथे आईची कढई उपयोगी पडते. भाऊबीजेला बासुंदी करताना कढईत दूध ओतून पाहा. पहिल्या लिटरला दूध भराभर वर चढते. काठाशी आले की लिटर ओतला तरी बोटभर चढत नाही, कारण कढई वर पसरट होत जाते. डोंगरामधली दरीही अशीच कढई असते. तळाच्या सतरा फुटांत मावते त्याच्या कितीतरी पट पाणी माथ्याच्या सतरा फुटांत मावते. म्हणून नवे धरण शोधण्यापेक्षा जुन्याची उंची वाढवणे कोणत्याही शहराला स्वस्त वाटते. तीच नदी, तीच जागा, तेच नळ. मात्र कढईच्या या गुणाला दुसरीही बाजू आहे. काठाशी दूध पसरते तसे पाणीही पसरते, आणि दरीच्या उतरत्या कडा जिथे सपाट होऊ लागतात तिथेच माणसाने शेत केलेले असते, तिथेच पाडा वसलेला असतो. उंची फुटांत मोजतात. बुडते ते एकरांत.

तानशाच्या त्या राखून ठेवलेल्या उंचीचे काय झाले? १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १९०१ साली ती उलट कमी होऊन ७ लाख ७६ हजार झाली. १८९६ पासूनच्या प्लेगने शहर उजाड केले होते. त्या वर्षी एखाद्या हिशेबी नगरपित्याने विचारलेही असेल की एवढा रुंद पाया कोणाच्या कल्याणासाठी घातलात? त्याचे उत्तर पुढच्या वीस वर्षांनी दिले. १९११ ला ९ लाख ७९ हजार, १९२१ ला ११ लाख ७५ हजार. १९१५, १९२५ आणि १९४८ अशा आणखी तीन टप्प्यांत तानशाची योजना वाढत गेली. भिंत चढली, माणूस आत उभा राहील अशा व्यासाचे नवे नळ पडले. आज या भिंतीची उंची ४१ मीटर सांगतात. फुटांत मांडून पाहा, १३५ भरतात. ज्यांनी पाया घातला त्यांच्यापैकी हे माप पुरे झालेले पाहायला बहुधा कुणी राहिले नसेल.

मला या गोष्टीतली उंची तेवढी मोठी वाटत नाही. धरणे याहून कितीतरी उंच झाली. मला अप्रूप वाटते ते त्या न दिसणाऱ्या रुंदीचे. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना पाया दाखवता येत नाही. त्यावर संगमरवरी पाटी लागत नाही. करदात्यांचा जास्तीचा पैसा जमिनीखाली घालवायचा, आणि त्याचे श्रेय तीन पिढ्यांनंतरच्या कुणा अनोळखी माणसाच्या पदरात पडू द्यायचे, हे काम निवडणुकीला उभे राहणाऱ्याला पटवून देणे किती अवघड आहे याची कल्पना करा. परक्या सरकारच्या काळात झाले म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही. पैसा मुंबईकरांच्या खिशातलाच होता.

तानशाची वाढ संपली आणि शहर आणखी दूर गेले. १९५७ साली वैतरणेवर पालिकेच्या अभियंता मोडकांच्या योजनेतले धरण झाले. त्यांच्याच नावाने तो मोडक सागर. (आडनाव मोडक आणि काम न मोडणारे, ही गंमत आमच्या वर्गात हमखास खपते.) १९७३ साली अप्पर वैतरणा आले, ते थेट नाशिक जिल्ह्यात. १९८० नंतर टप्प्याटप्प्याने भातसा. २०१४ साली मोखाड्याच्या डोंगरात १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी शहराने "हुश्श" म्हटले, प्रत्येक वेळी नव्या इमारतींना परवाने मिळाले, आणि प्रत्येक वेळी थोड्याच वर्षांत चौकट पुन्हा पहिल्या पानावर आली. २०११ च्या शिरगणतीत मुंबईची माणसे १ कोटी २४ लाख भरली होती. एकाच वैतरणेला तीन ठिकाणी अडवून झाले आहे. चौथ्यांदा अडवावयास तिच्याकडे तरी काय उरले असेल?

म्हणून आता तिच्या उपनदीचे नाव निघते. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, ओगद्याजवळ गारगाई नदीवर धरण बांधायचे, आणि बोगद्याने ते पाणी मोडक सागरात सोडायचे, म्हणजे एका परीने मोडक सागरच मोठा करायचा, अशी ही योजना बरीच वर्षे कधी पुढे, कधी मागे होते आहे. मिळणार रोज ४४० दशलक्ष लिटर. त्यासाठी तानसा अभयारण्यातले जंगल पाण्याखाली जाईल. तोडावयाच्या झाडांचा आकडा लाखांच्या घरात सांगतात, आणि काही आदिवासी गावपाडे उठवावे लागतील.

इथे आपण शहरी माणसे एक गोष्ट झटकन बोलून जातो. "विकासासाठी कुणाला तरी त्याग करावाच लागतो!" हे वाक्य मी निबंधाच्या शेकडो वह्यांत वाचले आहे. त्यातला 'कुणाला तरी' हा शब्द कोणत्याही वहीत लिहिणाऱ्याच्या घराकडे बोट दाखवीत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना रीतसर परवानगी काढून तानशाला नेले होते. मुलांनी भिंत पाहिली, छायाचित्रे काढली, डबे खाल्ले. परतताना रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या त्या अजस्र नळांच्या एका झडपेशी आमची बस थांबली. झडपेतून पाणी ठिबकत होते आणि खाली पाच-सात कळशा आणि हंडे ओळीने मांडलेले होते. बायका उन्हात उकिडव्या बसल्या होत्या. मार्च महिना होता. तलावाचे निळे पाणी आम्ही तासाभरापूर्वीच पाहिले होते. आमच्यातली एक मुलगी बोलायला गेली. त्यातल्या एका म्हातारीने तिलाच विचारले, "तुमच्याकडं पानी कवा येतं गं?" मुलगी म्हणाली, "पहाटे साडेचारला." म्हातारी हसली. "म्हंजे आमी घरातनं निघतो तवा."

पाणी येणे आणि पाण्याला जाणे, दोन्ही एकाच नळाच्या दोन टोकांना चालू होते. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्याला टँकर धावतात, ही बातमी आता इतकी जुनी झाली आहे की तिला चौकटही मिळत नाही. शहापूरच्या गावपाड्यांना पाणी द्यावे म्हणून सरकारला योजना आखावी लागली ती इगतपुरीकडच्या भावली धरणातून. समोर भातसा भरलेला, आणि पिण्याचे पाणी नाशिक जिल्ह्यातून! आपल्या भाषेत 'धरण' आणि 'धरणे' हे शब्द एकाच धातूतून आले आहेत. एक पाणी अडवते, दुसरे दार अडवून बसते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हापासून महाराष्ट्रात हे दोन्ही शब्द बहुधा एकमेकांच्या शेजारीच वावरत आले आहेत.

मग मुंबईने काय तहानलेले राहायचे काय? नाही. मी स्वतः मुंबईचे पाणी पितो, आणि आमच्या स्नानगृहातला फवारा अजून काढून टाकलेला नाही, तेव्हा मला जंगलातल्या ऋषीचा आव आणता येणार नाही. पण हिशेब मांडला आहे तर तो पुरता मांडू. गळती आणि चोरी मिळून मुंबईचे निदान पाव हिस्सा पाणी वाटेतच नाहीसे होते, असे पालिकेच्या गोटातूनच वर्षानुवर्षे सांगितले जाते. ३,९५० चा पाव हिस्सा म्हणजे ९८७ दशलक्ष लिटर. गारगाई देणार ४४०. म्हणजे दोन गारगाया भरून वर शंभरावर उरतील एवढे पाणी रोज, शहराच्या रस्त्यांखाली, आपण कुणाचेही गाव न उठवता बुडवतो आहोत.

हे सारे पाणी थांबवता येईल असे मात्र कुणी समजू नये. मुंबईचे कितीतरी नळ फार जुने, त्यावर रस्ता, रस्त्यावर गाड्या, शेजारी विजेच्या तारा आणि गटारे. कुठे गळते ते शोधण्यासाठी खणावे लागते, आणि खणले की आपणच नगरसेवकाला फोन करून "रस्ता किती दिवस असा ठेवणार?" म्हणून खडसावतो. ज्याला चोरी म्हणतात त्यातही गंमत आहे. पालिकेने वर्षानुवर्षे इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर असा हिशेब धरला; आपल्या पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर नऊ बादल्या आणि तीन बादल्या. तीन बादल्यांत कपडे, भांडी, अंघोळ, स्वयंपाक उरकून दाखवावा, आणि मग नळाला भोक पाडणाऱ्याला चोर म्हणावे. ती चोरी बंद करण्याचा उपाय पोलिसाकडे नाही. तिथे रीतसर नळ देणे हाच आहे.

तरीसुद्धा पावातले निम्मे वाचले तर एक गारगाई वाचते. माझे मत विचाराल तर क्रम असा असावा. आधी नळ दुरुस्त करावेत, प्रत्येक जोडणीला चालणारे मीटर बसवावे. त्याबरोबरच, मागाहून नव्हे, शहापूर, वाडा आणि मोखाड्याच्या पाड्यांना त्यांच्याच डोळ्यांदेखत जाणाऱ्या पाण्यातून पहिला नळ द्यावा. दीडशे-दोनशे पाड्यांची तहान ती केवढी, मुंबईच्या चौकटीत तिचा टक्कासुद्धा दिसणार नाही. एवढे करून उणे पडले तर गारगाईचा विचार करावा, आणि तोही ज्यांची घरे उठणार त्यांच्यासमोर बसून. झाडे तोडल्यावर आणि भिंत चढल्यावर पुनर्वसनाच्या चर्चा करण्याची आपली जुनी रीत आहे, ती एकदा मोडून पाहावी.

आणि इथेच अडचण आहे. धरणाला नाव देता येते. त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्या भिंतीवर उभे राहून छायाचित्र काढता येते. जमिनीखाली सहा फुटांवर बदललेल्या नळाचे उद्घाटन कोण करणार? तो तानशाच्या पायाच्या जातीचा आहे. म्हणून कुठल्याही जाहीरनाम्यात 'नवे धरण बांधू' असे सहज सापडते, 'गळती निम्म्यावर आणू, आणि न आणल्यास पुन्हा मते मागणार नाही' असे मी तरी अजून वाचलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन म्हातारीचा बूट पाहायला जाल, तर रस्ता ओलांडून समोरच्या हँगिंग गार्डनमध्येही जरूर जा. त्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा साठा आहे, आणि तिथले पाणी दक्षिण मुंबईतल्या घरोघर जाते. मुलांना ते सांगा. ती विचारतील, "मग हे पाणी इथे येते कुठून?" तानसा, वैतरणा, भातसा ही नावे सांगून थांबू नका. तिथे कोण राहते तेही सांगा. आणि त्यांच्या घरी पाणी किती वाजता येते असे मुलांनी विचारलेच, तर ते येत नाही, ती माणसे पाण्याला जातात, हेही सांगून टाका.